हार्बिन दार उघडत नाही

फार दिवसांनी लिहितोय. मधे नाशिकच्या मावशीने फोनवर "तुझा तो ब्लॉग बंद पडला का रे?" असं विचारलं, तेव्हा कळलं की निदान एक वाचक अजून शिल्लक आहे :)

आजचा विषय जरा पोरकट वाटेल. गेलं दीड वर्ष दर शनिवारी रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' चालतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे मावशी, तुझ्यासाठी) थोडक्यात सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेला हा खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एकेक पात्र होतो. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एकजण गोष्ट सांगणारा, त्याला डीएम म्हणायचं. कुणी "मी दार फोडतो" म्हटलं की दार फुटलं का ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि फुटल्यावर आत काय दिसतं ते डीएम सांगतो. खेळाडू सोडून त्या जगातली बाकी सगळी माणसं - खानावळवाली, लोहार, भिकारी, राजा - डीएमनेच वठवायची. त्यांना एनपीसी म्हणतात. आमच्याकडे डीएम मी. खेळाडू म्हणजे अकरावीतली माझी लेक, तिची एक मैत्रीण, ताईची दोन मुलं, आणि मनात आलं तर बायको. (ती पुजारीण आहे. सगळ्यांच्या जखमा बऱ्या करते आणि मधेच उठून कुकर बंद करते.)

तर सांगायचा मुद्दा एका एनपीसीचा आहे. नाव हार्बिन वेस्टर. हा माझ्या डोक्यातून आलेला नाही, छापील आहे. २०१४ सालच्या स्टार्टर सेटमध्ये फॅन्डालिन नावाचं एक सरहद्दीवरचं गाव आहे. जुन्या उद्ध्वस्त गावाच्या अवशेषांवर पुन्हा वसवलेलं, चाळीस-पन्नास लाकडी घरांचं. तिथे सरकार असं काही नाही. गावकरी दरवर्षी एकाला निवडून देतात, तो टाऊनमास्टर. किरकोळ भांडणं सोडवायची आणि दप्तर सांभाळायचं, एवढंच काम. आपल्याकडचा सरपंच आणि तलाठी एकाच खुर्चीत बसवल्यासारखं. सध्याचा टाऊनमास्टर हा हार्बिन. धंद्याने सावकार, अंगाने जाड, बोलण्यात ऐट, आणि गावात धुमाकूळ घालणाऱ्या रेडब्रँड नावाच्या गुंडांना टरकून असलेला. गुंडांबद्दल विचारलं तर म्हणतो, तसा फार त्रास नाही हो त्यांचा. २०१९ सालच्या दुसऱ्या एका संचात तेच गाव पुन्हा येतं. यावेळी डोंगरावर पांढरा ड्रॅगन येऊन बसलाय, आणि हार्बिनसाहेब त्या भीतीने दार लावून आत. कामं बाहेरच्या फळ्यावर लावणार आणि दाराआडून बोलणार.

मी दोन्ही गोष्टी एकाच पातेल्यात शिजवल्या.

पहिल्या दोन-तीन शनिवारी हार्बिनने मजा आणली. फळ्यावरच्या सूचना मी पुणेरी पाट्यांच्या भाषेत लिहिल्या. 'दार वाजवू नये. वाजवल्यास उघडले जाणार नाही. ड्रॅगनने मागच्या दाराने यावे.' कामाचे पैसे तो दाराखालच्या फटीतून एकेक नाणं सरकवून द्यायचा, आणि प्रत्येक नाण्याबरोबर आकडा मोठ्याने म्हणायचा. पोरं हसून बेजार. पण चौथ्या शनिवारी भाचा म्हणाला, "मामा, या माणसाला आपण मारू शकतो का?"

चेष्टेत नव्हता म्हणाला. त्याला खरंच राग आला होता. आणि मला वाटलं, आता याचं काहीतरी करायला हवं. विनोद संपत आला होता आणि खाली काहीच नव्हतं.

अशा वेळी डीएम मंडळी जे करतात तेच मी केलं. रात्री जागून हार्बिनचा पूर्वेतिहास लिहिला. चांगला तीन पानं. लहानपणी गाव जळालं, बायको तापाने गेली, मुलगा समुद्रावर गेला तो परत आला नाही... वाचून माझेच डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना पुन्हा वाचलं आणि फाडून टाकलं.

का, ते जरा सांगतो, कारण यावर माझं मत आता बरंच पक्कं झालंय.

एक तर ती तीन पानं कुणाला दिसणारच नव्हती. एनपीसीच्या वाट्याला शनिवारी दहा मिनिटं येतात. त्या दहा मिनिटांत त्याने "माझी बायको तापाने गेली हो" असं दाराआडून सांगायचं म्हणजे त्याच्या स्वभावाचं वाटोळं. पण खरी अडचण वेगळी आहे. दुःखद पूर्वेतिहास ही आपण त्या पात्राला दिलेली माफीची चिठ्ठी असते. शाळेत उशिरा येणारं पोर आईची चिठ्ठी आणतं ना, तशी. चिठ्ठी वाचली की मास्तर गप्प. मग तो माणूस चिडका, कंजूष, भित्रा उरतच नाही. तो 'बिच्चारा' होतो. हार्बिनला बिच्चारा करायचा मला काही हक्क नव्हता.

दुसरी युक्ती याच्या उलट, आणि आपल्या सिनेमांची लाडकी. वरून फणस, आतून गरे. कंजूष म्हातारा रात्री गुपचूप अनाथाश्रमाला पैसे पाठवतो असं शेवटी उघड होतं. त्याने तर मला आणखी चीड येते. म्हणजे तो कंजूष नव्हताच म्हणायचा! मग इतका वेळ आपण कुणाबद्दल बोलत होतो? पु.लं.चा अंतू बर्वा आठवून बघा. त्याचा तिरकसपणा पु.लं.नी कुठेही पुसून काढलेला नाही. आपल्याला जे हलवतं ते त्या तिरकसपणाच्या आतूनच येतं.

नियमपुस्तकांकडेही बघितलं. २०१४ च्या पुस्तकात पात्र घडवताना स्वभावाच्या लकबी, एक आदर्श, एक बंध आणि एक दोष लिहायला सांगतात. सोय चांगली आहे, पण भरलेला फॉर्म म्हणजे माणूस नव्हे हे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मला त्या पुस्तकांतली दुसरीच एक गोष्ट जास्त उपयोगी वाटली. डीएमसाठीच्या पुस्तकात समोरच्याची वृत्ती मित्रत्वाची, उदासीन किंवा वैरभावाची असते असं दिलंय, आणि फासा टाकून त्याला पटवायला गेलात तर काय मिळेल त्याचा तक्ता आहे. माणूस वैरभावाचा असेल तर तुम्ही वीस गाठलेत तरी तो तुमचं काम करतो ते फक्त स्वतःला धोका किंवा तोशीस लागत नसेल तरच. म्हणजे फाशाने माणूस बदलत नाही. आहे त्याच माणसाकडून जास्तीत जास्त किती मिळेल तेवढं फासा ठरवतो. भाच्याने एकदा टाकलेला फासा नेमका वीस पडला, आणि तो खुर्चीवर उभा राहून ओरडला, "आता उघड दार!" हार्बिनने दाराखालून पावती सरकवली. भाचा अजून माझ्याशी त्यावरून वाद घालतो.

असो. तर मी ठरवलं, हार्बिनचा भूतकाळ नको आणि गुपित चांगुलपणाही नको. त्याचा जो गुण लोकांना नकोसा होतो तोच धरायचा आणि तोच खोल खणत जायचा. तो गुण म्हणजे हिशोब.

पुढच्या खेपेला पोरं दारावर जाऊन भांडली. गावात पहारेकरी का नाही नेमत? भेकड आहात म्हणून? पूर्वीचा हार्बिन असता तर खोकून विषय बदलला असता. यावेळी तो आतून म्हणाला, "लिहून घ्या." आणि आकडे सांगायला लागला. आकडे मी पुस्तकातलेच घेतले होते. हत्यार चालवता येणारा माणूस रोजचे २ सुवर्ण घेतो. दहा माणसं, महिन्याचे ६००. गावात घरं पंचेचाळीस धरू. दर घरामागे महिना १३ च्या वर. साध्या मजुराला रोज २ रौप्य, म्हणजे महिनाभर एकही खाडा न करता राबला तर ६ सुवर्ण. "आता सांगा, कुणाच्या घरून आणू?"

भाच्याने मोबाईलवर गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. टेबलावर जरा शांतता झाली. मग लेक म्हणाली, "पण मग थेलचं काय?"

हा थेल डेन्ड्रार म्हणजे गावातला लाकडावर कोरीवकाम करणारा. रेडब्रँड गुंडांनी त्याच्या बायकोकडे वाईट नजरेने पाहिलं म्हणून तो आडवा आला, आणि त्याला त्यांनी ठार मारलं. बायकोला आणि मुलांना उचलून नेलं. हेही छापील गोष्टीतलंच आहे. मी ते अनेकदा वाचलं होतं, पण हार्बिनच्या शेजारी ठेवून कधी वाचलं नव्हतं. जो माणूस उभा राहिला त्याचं काय झालं हे हार्बिनने पाहिलंय. त्याची भीती खोटी नाही. आणि तरीही तो टाऊनमास्टर होता, आणि त्याने काहीही केलं नाही, हेही खोटं नाही. लेकीच्या प्रश्नाला हार्बिनकडे उत्तर नव्हतं, आणि मी त्याला ते सुचू दिलं नाही. तो दाराआड गप्प राहिला. दीड वर्षात दाराआडून आवाज न येण्याची ती पहिलीच वेळ.

इथवर लिहिलं ते फक्त खेळाबद्दल असतं तर मी ते पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळा झालो असतो. पण त्या रात्री पोरं गेल्यावर फासे गोळा करताना लेक सहज म्हणाली, "बाबा, हार्बिनचा आवाज तुम्ही मोठ्या काकाआजोबांचा काढता ना?"

मी चपापलो. तो खोकला, ते नाणी मोजणं, "लिहून घ्या" म्हणणं. अगदी त्यांचंच.

आता घरच्या वाचकांनी जरा सांभाळून घ्या. मोठे काका आपल्या सगळ्यांच्या घरचे हार्बिन होते. बँकेत कॅशियर. दिवसाअखेर रोकड कमी भरली तर कॅशियरला ती खिशातून भरावी लागते. त्यामुळे असेल, पण ते घरीही नोटा तीनदा मोजत. कडी तीनदा बघत. पाहुणा असलेल्या खोलीतलाही दिवा बंद करत. प्रत्येक लग्नात जेवणं झाल्यावर त्यांची नक्कल व्हायची, आणि ती सगळ्यात चांगली मी करायचो हे तुम्हाला माहीत आहे.

आणि हेही तुम्हाला माहीत आहे की १९९४ साली माझ्या इंजिनिअरिंगच्या कर्जासाठी त्यांनी जामीनदार म्हणून सही करायला नकार दिला. आमच्या घरी येऊन, कागद शेवटपर्यंत वाचून, "मुलगा नापास झाला तर हप्ते कोण भरणार?" असं माझ्यासमोर बाबांना विचारून. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या सुटायला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत आई लग्नकार्याला रिकाम्या हातांनी गेली आणि काकू तिच्या शेजारी बसायची.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. तेराव्याला सगळेजण अचानक गोड बोलायला लागले. काका कसे शिस्तीचे, कसे मनाने प्रेमळ. चुलतभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, अरे त्यांनी आधी एका सहकाऱ्याला जामीन दिला होता, तो बुडाला, कित्येक वर्षं हप्ते त्यांनी भरले, म्हणून तुला नाही म्हणाले. असेलही. त्याने काही खोटं सांगितलं नसणार. पण मला तेव्हा जो संताप आला तो का आला हे मला हार्बिनची तीन पानं फाडताना कळलं. ती माफीची चिठ्ठी होती. काका गेल्यावर दुसऱ्याच कुणीतरी लिहून माझ्या हातात ठेवलेली, आणि ती वाचून मी गप्प बसावं अशी सगळ्यांची अपेक्षा.

त्या वेळी चुलतभावाने त्यांच्या डायऱ्याही दाखवल्या होत्या. डायऱ्या कसल्या, खर्चाच्या वह्या. भाजी, रिक्षा, टपाल. मनातलं एक वाक्य नाही. मी अर्थातच १९९४ चा जून काढला. त्या दिवसाखाली दोन्ही वेळचं रिक्षाभाडं होतं आणि खाली लिहिलं होतं: 'धाकट्याकडे गेलो. सही दिली नाही. चहा घेतला नाही.'

चहा घेतला नाही हे आम्हालाही आठवतं. आई अजून सांगते, चहा ठेवलेला तसाच टाकून निघून गेले, एवढा ताठा. मीही तीस वर्षं तो ताठाच धरला होता. पण जो माणूस वहीत फक्त दिलेलं-घेतलेलं मांडतो, त्याने न घेतलेला चहा का लिहून ठेवावा? सही दिली नाही म्हणून चहा घेण्याचा आपल्याला हक्क नाही असं वाटलं असेल का? की खरंच ताठा, आणि त्याचीही नोंद? मला माहीत नाही. बरं, पहिलं खरं निघालं तरी पाटल्यांची सहा वर्षं वजा होत नाहीत. माझा राग अजून आहे. फक्त आता त्याच्या शेजारी तो चहाचा कपही आहे, आणि तो तिथून हलत नाही.

ताई, तू म्हणशील की मेलेल्या माणसाचं हे असं चारचौघांत कशाला. मला वाटतं तेराव्याला आपण जे केलं ते जास्त वाईट होतं. आयुष्यभर नक्कल केली आणि शेवटी साखर ओतली. दोन्ही वेळा समोरचा माणूस कुणी पाहिलाच नाही. मी तर नाहीच.

तर हार्बिनला मी एक वही दिली. गावाचं दप्तर. गेल्या महिन्यात भाच्याने (त्याचं पात्र चोर आहे) खिडकीतून हात घालून ती पळवली. त्याला खात्री होती की आत अफरातफर सापडणार. भाचीला खात्री होती की गरिबांची कर्जं गुपचूप माफ केलेली असणार. ती सिनेमे फार बघते. दोघांपैकी एकही निघालं नाही. सगळी कर्जं जशीच्या तशी होती. मेलेल्या थेलच्या नावावरचे ४ सुवर्णसुद्धा खोडलेले नव्हते. पण समोरच्या पानावर गावाकडून थेलला येणं होतं: सभागृहाच्या सहा खुर्च्या, कोरीव, पैसे दिलेले नाहीत, ९ सुवर्ण. खाली वजाबाकी. ५ सुवर्ण, विधवेस देणे. आणि त्यापुढे तारखा, दर आठवड्याची एक. प्रत्येक तारखेसमोर तेच: 'घरी कोणी नाही. परत आणले.'

बायको कुकर बंद करायला उठली होती ती उभीच राहिली.

म्हणजे हा भित्रा माणूस दर आठवड्याला दार उघडून, गुंडांच्या गावातून चालत, रिकाम्या घरापर्यंत जात होता. पाच नाण्यांसाठी. त्या बाईला सोडवायला तो गेला नाही, कुणाला पाठवलंही नाही. हिशोब द्यायला मात्र गेला. हे शूरपण म्हणायचं की विकृती, यावर पोरांचं जे भांडण झालं ते साडेअकरापर्यंत चाललं. मैत्रिणीच्या आईचे दोन फोन येऊन गेले. मी एक शब्द बोललो नाही, आणि डीएम म्हणून गेल्या दीड वर्षात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच असावं.

भाच्याचा राग कमी झालेला नाही. उलट वाढलाय. पूर्वी त्याला हार्बिनला मारायचं होतं, आता त्याच्याशी बोलायचंय. आता फॅन्डालिनमध्ये निवडणूक आलीये, टाऊनमास्टरची. भाच्याचा चोर हार्बिनविरुद्ध उभा राहिलाय (हो, चोर. हसू नका). लेकीने परवा जेवताना सांगितलं की ती हार्बिनला मत देणार. मी विचारलं, आवडायला लागला का? तर म्हणाली, "ईई, नाही! पण वही तो नीट ठेवतो."

थेलच्या बायकोला पोरांनी सोडवून आणलंय. तिचे पाच सुवर्ण अजून हार्बिनकडेच आहेत. येत्या शनिवारी ती ते मागायला त्याच्या दारात जाणार आहे, सोबत कुणालाही न घेता. ती काय बोलेल ते मी ठरवलंय. तो फटीतून नाणी सरकवेल की कडी काढेल, ते अजून ठरत नाहीये. आईला विचारलं तर म्हणाली, "आत बोलाव म्हणावं तिला. चहा तरी दे."